बाळंतपणाची पिशवी: दवाखान्यात जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवा महिना लागला की घरोघरी हे प्रश्न सुरू होतात. प्रसूती विभागात काम करताना मला ते गरोदर बाईपेक्षा तिच्या आईकडून, जावेकडून आणि नवऱ्याकडूनच जास्त ऐकायला मिळतात. ते योग्यही आहे, कारण कळा सुरू झाल्यावर पिशवीत हात घालणार असतात ते हेच लोक. इथली उत्तरं महाराष्ट्रातले सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रकारचे दवाखाने डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल तर तेच धरून चाला.

पिशवी कधी भरून ठेवायची?

३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ पुऱ्या दिवसांचं मानतात, पण कळा त्याआधीही येऊ शकतात. म्हणून ३४व्या आठवड्याला पिशवी भरलेली असावी. पोटात जुळी आहेत, बीपी वाढलेलं आहे, वार (प्लॅसेंटा) खाली आहे किंवा मागचं बाळंतपण दिवसांच्या आधी झालं होतं, अशांनी ३०व्या आठवड्यातच भरावी. आणि सगळं एका दिवसात भरायची गरज नाही. डोहाळजेवण उरकलं की कागद एकत्र करायला घ्या. कपडे त्यानंतर सावकाश होतात.

एकच वस्तू नेता आली तर कोणती न्यावी?

फाइल. बाकी काहीही राहिलं तरी चालेल.

गाऊन, पॅड, टोपडं हे सगळं दवाखान्यासमोरच्या मेडिकलमध्ये किंवा शेजारच्या दुकानात मिळतं. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी रात्री दोन वाजता कुठे मिळणार? आणि त्या कागदांवर खरोखर निर्णय अवलंबून असतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर जन्मल्याबरोबर बाळाचा रक्तगट तपासावा लागतो आणि तो पॉझिटिव्ह निघाला तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. पुढच्या बाळंतपणातल्या बाळाचं रक्षण त्या एका इंजेक्शनवर असतं. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन १२ तासांच्या आत लागतं. मागचं सिझर असेल तर टाका कसा घातला होता, काही अडचण आली होती का, हे जुन्या डिस्चार्ज कार्डावरून कळतं. कळांमध्ये असलेल्या बाईला हे सगळं आठवून सांगता येत नाही आणि तिने ते सांगावं अशी अपेक्षाही करू नये.

फाइलमध्ये माता व बाल संरक्षण कार्ड सगळ्यात वर ठेवा. त्याखाली सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, मग रक्त-लघवीचे रिपोर्ट, मग चालू औषधांची चिठ्ठी. एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा. आई-वडील दोघांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, रेशन कार्ड आणि विमा असेल तर त्याचं कार्ड हे वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात घाला. शेवटी सगळ्या कागदांचे फोटो काढून किमान दोन माणसांच्या मोबाइलमध्ये ठेवा. त्यातला एक मोबाइल बाईचा स्वतःचा नसावा, कारण तिचा मोबाइल ऐनवेळी कुणाकडे असेल ते सांगता येत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी आहे. मग काय वेगळं करावं लागतं?

कागद हरवण्याची खरी जागा हाच प्रवास आहे. तपासण्या सासरच्या गावात होतात, बाळंतपण माहेरी, आणि मधल्या धांदलीत निम्मी फाइल सासरच्या कपाटातच राहते. निघायच्या दिवशी साड्या कोणत्या न्यायच्या याआधी फाइल पिशवीत गेली का ते बघा. झेरॉक्स सासरी ठेवा, मूळ कागद तुमच्याबरोबर न्या.

माहेरी पोचल्यावर थकवा गेला की लगेच तिथल्या दवाखान्यात एक तपासणी करून घ्या. थेट कळा घेऊन अनोळखी दारात जाण्यापेक्षा आधी नाव नोंदलेलं कितीतरी बरं. सासरच्या डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून फाइलला लावा. गाव सोडताना सासरच्या आशाताईंना सांगा, आणि माहेरच्या आशाताईंना घरी बोलावून कार्ड दाखवा. पत्ता दुसऱ्या गावाचा आहे म्हणून सरकारी दवाखाना बाळंतपणाला नाही म्हणू शकत नाही. प्रवास लांबचा असेल तर नववा महिना लागायची वाट पाहू नका. कधी निघायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

पिशव्या किती कराव्यात?

दोन. एक छोटी, जी बाईबरोबर लेबर रूमच्या दारापर्यंत जाईल, आणि एक मोठी, जी वॉर्डात उघडेल. सगळं एकाच बॅगेत कोंबलं तर बाळ गुंडाळायला कापड मागितल्यावर बाहेर उभी असलेली मावशी सगळी बॅग जमिनीवर उलटी करते, आणि तोवर बाळाला गारठा बसतो.

छोट्या पिशवीत बाळाची दोन-तीन मऊ सुती कापडं, एक टोपडं, एक झबलं, एक दुपटं, आईसाठी पॅडचं एक पाकीट, एक गाऊन आणि एक चड्डी एवढंच घाला. फाइल याच पिशवीत. ही पिशवी वेगळ्या रंगाची घ्या, म्हणजे सिस्टरांनी सांगितलं की कुणालाही पटकन ओळखता येईल.

मोठ्या पिशवीत बाकीचं. सरकारी वॉर्डात खाटेशेजारी एक लहान कप्पा असतो, कधी तोही नसतो, तेव्हा ती खाटेखाली सरकेल इतकीच मोठी असावी. चाकांच्या मोठ्या सुटकेसची आवश्यकता नसते.

आईसाठी कपडे कोणते आणि किती?

पुढून उघडणारे सुती गाऊन, तीन-चार. बटणं किंवा चेन छातीपासून पोटापर्यंत असावी, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर घेता येतं आणि पाजताना सगळा गाऊन वर करावा लागत नाही. साडीच नेसायची सवय असेल तर पुढे हुकांचं सैल ब्लाउज चालतं. परकराची नाडी मात्र सिझरच्या टाक्यावर येते, म्हणून सिझर झाल्यास पहिले दिवस गाऊनच बरा. चड्ड्या नेहमीपेक्षा एक-दोन माप मोठ्या, गडद रंगाच्या आणि बेंबीपर्यंत येणाऱ्या घ्या, सात-आठ तरी. पाजण्याच्या ब्रा दोन, तारेच्या नकोत.

चप्पल मागून पट्टा असलेली किंवा न घसरणारी घ्या. दवाखान्याचं न्हाणीघर ओलं असतं आणि बाळंतीण पहिल्यांदा उठते तेव्हा तिला चक्कर येऊ शकते. एक पातळ शाल, कानाला बांधायचा रुमाल, टॉवेल, कंगवा, केसांचे रबर, दात घासायचं सामान, साबण. ओठांना लावायला तूप किंवा व्हॅसलीन अवश्य ठेवा. कळांमध्ये तोंडाने श्वास घेऊन ओठ फुटतात.

पॅड किती लागतात? घरचं कापड चालतं का?

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त असतो आणि कमी होत होत काही आठवडे चालतो. पहिल्या दिवसांसाठी सगळ्यात मोठ्या मापाच्या पॅडची दोन पाकिटं घ्या. कापड वापरायचं असेल तर ते सुती, साबणाने धुतलेलं आणि कडक उन्हात वाळवलेलं हवं. बाळंतपणानंतर आत घालायची कोणतीही वस्तू वापरू नये.

बदललेलं पॅड न बघता टाकू नका. एका तासाच्या आत पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील तर त्याच क्षणी सिस्टरांना बोलवा. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव माणसाला फार वेळ देत नाही. “एवढं जातंच गं,” असं म्हणून शेजारच्या खाटेवरची बाई धीर देईल, पण तिच्या भरवशावर राहू नका.

मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी यांचं काय करायचं?

सोनं घरी ठेवून या. डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा आणि मंगळसूत्र काढायला अनेकींचा जीव धजत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांत फक्त धातू आणि काच नसते. पण सलाइनची सुई मनगटाजवळ लागते, बीपीचा पट्टा दंडाला बांधायचा असतो, आणि सिझरच्या वेळी विजेवर चालणारी उपकरणं वापरतात तेव्हा अंगावर धातू असला तर भाजण्याचा धोका असतो. जोडवी आणि नाकातली चमकीसुद्धा काढावी लागते. आठव्या महिन्यात बोटं सुजतात, म्हणून अंगठी तेव्हाच काढून ठेवा, नाहीतर पुढे ती कापावी लागते. काढायच्या वस्तू सासूबाईंच्या किंवा आईच्या हातात घरीच द्या. दवाखान्याच्या गर्दीत सोन्याची जबाबदारी कुणावर टाकू नका. दवाखान्यात काढायचीच वेळ आली तर नवऱ्याच्या किंवा आईच्या हातात द्या, बॅगेच्या कप्प्यात ठेवू नका.

नखांचा रंगही आधी काढा. बोटाला लावतात तो ऑक्सिजनचा चिमटा गडद रंगावर नीट वाचन देत नाही.

सासूबाई म्हणतात, बाळाचे नवे कपडे आधी आणायचे नाहीत. मग पिशवीत काय घालू?

जुने घाला. ही चाल मोडायची काही गरज नाही, उलट तिच्यात शहाणपण आहे. अनेकदा धुतलेलं सुती कापड नव्या कापडापेक्षा मऊ असतं आणि त्यात खळ राहिलेली नसते. नणंदेच्या बाळाची झबली, आजीच्या जुन्या नऊवारीची दुपटी, आजोबांच्या धोतराचे लंगोट हे बाळाच्या कातडीला फार चांगलं. मुलगा की मुलगी हे आपल्याकडे आधी कळत नाही, कळूही नये, म्हणून रंगाचा विचार करत बसू नका.

एकच गोष्ट मात्र नीट बघा. हे कपडे ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर ठेवलेले होते का? काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. डांबरगोळीतलं नॅप्थॅलीन कपड्यांतून अशा बाळाच्या अंगात गेलं की तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ जोरात चढते. म्हणून डांबरगोळ्यांत राहिलेलं काहीच बाळाला घालू नका. एकदा धुऊन वास गेला असं वाटलं तरी तो कपडा बाजूला ठेवा आणि दुसरा शोधा. ट्रंकेतल्या लोकरी स्वेटरला आणि गोधडीलाही हेच लागू आहे. पुढच्या बाळासाठी कपडे जपायचे असतील तर कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला.

बाकीचे कपडे साध्या साबणाने धुवा, दोनदा खळबळा, कडक उन्हात वाळवा आणि स्वच्छ पांढऱ्या कापडात बांधून पिशवीत ठेवा. झबली पुढून बांधायची हवीत, डोक्यातून घालायची नकोत. लहान बटणं आणि टाचण्या नकोत. संख्या विचाराल तर सहा झबली, चार टोपडी, चार दुपटी, मोज्यांचे दोन-तीन जोड पुरतात. लंगोट मात्र भरपूर.

लंगोट की डायपर?

दोन्ही ठेवा. बाळाची पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट असते. ती जुन्या लंगोटावर घेतली की टाकून देता येतो. दवाखान्यात धुणं-वाळवणं अवघड असतं, म्हणून रात्रीसाठी नवजात मापाच्या डायपरचं एक लहान पाकीट असू द्या. दिवसा लंगोट वापरले तर बाळाने किती वेळा शू केली ते मोजता येतं, आणि पहिल्या आठवड्यात दूध पुरतं की नाही हे त्यावरूनच कळतं. पावसाळ्यात काही वाळत नाही, तेव्हा लंगोट दुप्पट घ्या.

पुसायला सुगंधी ओले कागद नकोत. मऊ कापड आणि कोमट पाणी पुरे.

दुधाची बाटली आणि पावडरचा डबा न्यावा का?

नाही. याबाबत माझं मत पक्कं आहे.

बाटली हाताशी असली की ती वापरली जाते. पहिल्या दोन दिवसांत आईला थोडा पिवळसर घट्ट चीकच येतो, बाळ रडतं, आजीचा जीव कासावीस होतो आणि कुणीतरी म्हणतं, “दूधच नाहीये हिला.” पण नवजात बाळाचं पोट एवढुसं असतं आणि त्याला पहिल्या दिवशी तेवढाच चीक पुरतो. त्यातच रोगांशी लढणारी द्रव्यं असतात. बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या तासात छातीशी लावा, मागेल तेव्हा पाजा, भरपूर दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत उतरतं. आपल्या देशात १९९२ सालच्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, ती उगाच नाही.

वैद्यकीय कारणाने वरचं दूध लागलंच तर ते डॉक्टर सांगतील आणि वाटी-चमच्याने पाजता येतं. त्यासाठी स्टीलची एक लहान वाटी आणि चमचा पिशवीत ठेवा. घरात जुनं बोंडलं (बाळाला पाजायची चोचीची वाटी) असेल तर तेही चालतं, मात्र प्रत्येक वेळी उकळून घ्या, त्याच्या चोचीत दूध अडकून राहतं.

मध, गुटी, काजळ, पावडर, तेल?

मध अजिबात नको, चाटवण्यापुरताही नको, वर्षाचं होईपर्यंत नको. मधात असणाऱ्या काही जंतूंनी तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. गुटी, साखरेचं पाणी, गाईचं दूध हेही नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. काजळ डोळ्यांत घालू नका. पावडर श्वासात जाते. नाळेला हळद, तेल, राख काही लावू नका, ती कोरडी ठेवली की आपोआप गळते. तेल-मालीश घरी गेल्यावर डॉक्टरांना विचारून. पहिली आंघोळही किमान २४ तास थांबवायची असते, म्हणून बाळाचा साबण आणि शाम्पू पिशवीत भरू नका.

खायला काय न्यावं?

कळा सुरू असताना पचायला हलकं, आणि तेही डॉक्टरांनी परवानगी दिली तरच: खजूर, राजगिऱ्याचा लाडू, लिंबूसरबत, नारळपाणी, पेज. सिझरची शक्यता असेल तर उपाशी ठेवतात. अशा वेळी लपवून घास भरवू नका, भूल देताना ते अन्न फुप्फुसात जाऊ शकतं.

डिंकाचे लाडू आणि हळिवाची खीर पिशवीत नको, घरून ताजी येऊ द्या. बाळंतशोपा घ्यायला हरकत नाही. पाण्याची मोठी बाटली आणि थर्मास मात्र नक्की ठेवा. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं असं अजून बऱ्याच घरांत सांगतात. पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, लघवी साफ व्हायला हवी असते, शौचाला खडा होता कामा नये. तिला मागेल तेवढं पाणी द्या.

सोबत कोण असावं? त्या माणसाची पिशवी वेगळी हवी का?

हवीच. रात्रभर बाकावर बसणाऱ्या आईची किंवा जावेची कुणी दखल घेत नाही. तिच्यासाठी चादर, एक जोडी कपडे, तिची रोजची बीपी-शुगरची औषधं, डबा, मोबाइलचा चार्जर आणि सुटे पैसे. ऑनलाइन पैसे नेटवर्क नसलं की अडतात.

सरकारी दवाखान्यांतही बाळंतपणाच्या वेळी एक सोबतीण आत राहू द्यावी असं केंद्र सरकारने २०१६ साली सांगितलं आहे. शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई असावी. जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवराही. आत कोण येणार हे बाईला विचारा आणि आधीच ठरवा. काही जणींना आई हवी असते, काहींना आई रडेल म्हणून बहीण बरी वाटते. तिच्या मनासारखं होऊ द्या. सोबतिणीचं काम पाठ चोळणं, पाणी देणं, धीर देणं. बाहेरच्यांना फोनवर बातम्या देत बसणं नाही.

सरकारी दवाखान्यात जाणार आहोत. कशावर पैसे खर्च करावे लागतील?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्याप्रमाणे सरकारी दवाखान्यात नॉर्मल बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त हे सगळं मोफत आहे. नॉर्मल असेल तर तीन दिवस आणि सिझर असेल तर सात दिवसांपर्यंत जेवणही मिळतं. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी नेणारी गाडीही मोफत. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि भिंतीवर खडूनेही लिहून ठेवा.

म्हणून औषधांसाठी कर्ज काढून पैसे बांधून नेऊ नका. पण कपडे, पॅड, सोबतच्या माणसाचं खाणं यांसाठी थोडे पैसे लागतातच.

सिझरची तारीख ठरली आहे. पिशवीत फरक पडतो का?

थोडा. मुक्काम लांबतो, म्हणून आईचे कपडे आणि पॅड जास्त घ्या. सिझर झालं तरी रक्तस्राव खालूनच होतो, हे बऱ्याच जणींना आधी माहीत नसतं. पोटाला बांधायचा पट्टा स्वतःहून विकत घेऊ नका, डॉक्टर सांगतील तर घ्या. एक लहान उशी उपयोगी पडते: खोकताना टाक्यावर धरायला आणि पाजताना बाळाखाली ठेवायला. अंगावरचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात. विमा असेल तर आधीची मंजुरी भरती होण्यापूर्वी घ्या.

गाव लांब आहे, पावसाळ्यात रस्ता तुटतो. आम्ही काय करावं?

पिशवी भरण्यापेक्षा आधी निघणं महत्त्वाचं. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरं आहेत. तारखेच्या काही दिवस आधी तिथे जाऊन सोबतच्या माणसासह आणि लहान मुलासह राहता येतं. नाले भरण्याच्या दिवसांत तारीख असेल तर आशाताईंशी आठव्या महिन्यातच बोला. तिथे जाताना कागद दुहेरी प्लास्टिकमध्ये, बाळाचे कपडे वेगळ्या प्लास्टिकमध्ये, आणि एक टॉर्च.

ऊसतोडीला गेलेल्या बायांना हे आणखी अवघड जातं. बीडकडून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि फडाजवळच्या कोपीत कुठेच कपाट नसतं. तरी माता-बाल कार्ड आणि आधारची झेरॉक्स घागरीशेजारी नव्हे, पत्र्याच्या पेटीत ठेवा. जिथे उतरलात तिथल्या आरोग्य केंद्रात कार्ड दाखवून नाव सांगा. मोफत बाळंतपणाचा हक्क फक्त तुमच्या गावापुरता नाही. मुकादमाकडे गाडी मागायची वेळ येण्याआधी १०८ लावा.

बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर?

कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर ते नवजात कक्षात जातं आणि बाळाची सगळी पिशवी तशीच पडून राहते. तेव्हा आईने दर दोन-तीन तासांनी हाताने दूध काढत राहायचं, म्हणजे दूध आटत नाही. त्यासाठी झाकणाची स्टीलची भांडी आणि नावाच्या चिठ्ठ्या उपयोगी. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली; आता इतरही मोठ्या दवाखान्यांत अशा पेढ्या आहेत, गरज पडली तर डॉक्टरांना विचारा. बाळ स्थिर झालं की त्याला उघड्या छातीशी बांधून ठेवायला सांगतात, त्यासाठी एक लांब मऊ ओढणी पिशवीत असू द्या.

पिशवी भरलेलीच नाही आणि त्रास सुरू झाला तर?

तशाच निघा. अंगावरून लाल रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटका येणं, ताप: यांपैकी एकही झालं तर पिशवी शोधायला एक मिनिटही घालवू नका. पाणी गेलं असेल तर वेळ आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवा; हिरवट असेल तर दारातच सांगा. पिशवी घेऊन दुसरं माणूस मागून येईल. म्हणूनच ती कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना ठाऊक हवं, आणि ती कपाटावर नाही, दारामागे असावी.

घरी जाताना काय बघून घ्यायचं?

निघण्याआधी कागद पुन्हा मोजा. डिस्चार्ज कार्ड, बाळाच्या लसींची नोंद (बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत दिलेली हिपॅटायटिस बी), व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिल्याची नोंद, पुढच्या तपासणीची तारीख. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात झालेल्या जन्माची माहिती दवाखानाच पाठवतो, पण त्या फॉर्मवर आई-वडिलांच्या नावांची अक्षरं आधारप्रमाणे आहेत का हे सही करण्याआधी स्वतः वाचा. बारसं झालेलं नसलं तरी नोंद अडत नाही. बाळाचं नाव १२ महिन्यांच्या आत फी न भरता घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. मुलगी असेल आणि रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडीताईंकडे करा; जन्मानंतर ५,००० रुपयांचा पहिला हप्ता मिळतो आणि त्यालाही जन्मदाखला लागतो.